वेस्ट म्हणजे पश्चिम की कचरा? सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर मागे एक नोटीस लागली होती, सेक्रेटरींनी स्वतः टाइप केलेली, इंग्रजीत. ओला कचरा वेगळा ठेवा एवढंच सांगायचं होतं. ओला कचरा म्हणजे वेट वेस्ट, वाचायला काही चूक नाही, पण स्पेलिंग होतं डब्ल्यू-ए-आय-टी आणि पुढे डब्ल्यू-ई-एस-टी. म्हणजे थांबा पश्चिम. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं, 'वेस्टला थांबलोय, कचरा कुठे टाकू?' सगळी बिल्डिंग हसली. मी पण हसलो पण जरा जपूनच, कारण माझा स्वतःचा इतिहास काही फार उजळ नाहीये.

माझी पहिली नोकरी, अंधेरीतलं बॅक ऑफिस, समोर परदेशातला क्लायंट. रिपोर्टला उशीर होणार होता म्हणून मी मेल टाकला की जरा सांभाळून घ्या, प्लीज बेअर विथ अस. लिहिलं काय, तर बी-ए-आर-ई. दहा मिनिटांत साहेबांनी बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "अरे, तू क्लायंटला आपल्याबरोबर कपडे काढायला सांगतोयस का?" बी-ए-आर-ई म्हणजे उघडा, नागडा. सहन करणे हवं असेल तर बी-ई-ए-आर, तेच अस्वलाचं स्पेलिंग. त्या दिवसापासून मी हे शब्द वहीत लिहायला लागलो, आणि आता टीममधे मराठी मीडियमची नवीन पोरं येतात त्यांना तीच वही दाखवतो. ज्यांना ऑफिसात नुकतंच इंग्रजी लिहायला लागलंय त्यांच्यासाठी ती वहीच इथे उतरवतोय.

एक सूचना आधी. सगळं देवनागरीत लिहितोय त्यामुळे स्पेलिंग असं अक्षरं सोडवून देणार. यातलं 'ए' म्हणजे एबीसीडीतलं पहिलं अक्षर, 'ई' म्हणजे पाचवं आणि 'आय' म्हणजे नववं, इथे घोळ झाला तर पुढचं सगळंच फुकट. आणि स्पेलिंग आलं की मनातल्या मनात वाचायचं नाही, तोंडाने म्हणायचं. शाळेत 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असं सुरात म्हणायचो ना, तस्संच. त्या घोकंपट्टीला लोक नावं ठेवतात पण या एका कामाला तिच्यासारखं औषध नाही, कारण त्यात आवाज, अक्षरं आणि अर्थ तिन्ही एका दोरीत बांधले जातात, आणि आपला नेमका तोच दोर सुटलेला असतो.

आधी हे होतं का ते समजून घ्या, नाहीतर उगाच स्वतःला ढ समजत बसाल. मराठीत आपण ऐकलं तसं लिहितो, बऱ्यापैकी. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज ४४ च्या आसपास, तिथेच गणित बिघडतं. त्यात १४७६ मधे कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना टाकला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगं ठरत गेली, पण बोलणं काही थांबलं नाही, पुढची दोनेकशे वर्षं स्वर बदलतच राहिले. भेटणे वाला मीट आणि मटणवाला मीट हे पूर्वी वेगळे ऐकू यायचे, समुद्र वाला सी आणि बघणे वाला सी पण वेगळे, उच्चार एक झाले पण स्पेलिंग जुनंच राहिलं. नाइट म्हणजे सरदार, त्याच्या सुरुवातीचा के आणि मधला जी-एच हे दोन्ही लोक खरंच उच्चारायचे. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हा आवाजाचा जुना फोटो आहे, माणूस म्हातारा झाला तरी आधार कार्डावर फोटो तोच असतो ना, तसं.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बोलताना फरक करून दाखवा बघू. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी. शाळेत व्याकरणात ही यादी होतीच की. उलटा प्रकार पण आहे, जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचा, अक्षरं तीच आणि ज वेगळा. तेव्हा ही भानगड आपल्याला नवीन नाही, फक्त इंग्रजीत ती जास्त आहे.

पायरी पहिली: दुसऱ्याची यादी नको, स्वतःच्या चुका गोळा करा

नेटवर शंभर-शंभर जोड्यांच्या याद्या मिळतात, त्या पाठ करायला बसू नका. त्यातल्या ऐंशी तुम्ही जन्मात वापरणार नाही. त्यापेक्षा स्वतःचे गेल्या महिन्याभरातले पाठवलेले मेल उघडा, ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज बघा, शक्य असेल तर कुणा बऱ्या इंग्रजीवाल्या मित्राला दाखवा. माझ्या अनुभवात प्रत्येक माणसाच्या आठ-दहा ठरलेल्या चुका असतात, त्याच त्या परत परत, ट्रेनमधे रोज त्याच डब्यात चढणाऱ्या लोकांसारख्या. त्या वहीच्या एका पानावर लिहा, आणि प्रत्येक जोडीसमोर ती पुढच्या पायरीत सांगितलेल्या तीन खणांपैकी कुठल्या खणातली आहे ते मांडा.

पायरी दुसरी: तीन खण

सगळेजण या सगळ्याला एकच रोग समजतात, इथेच चुकतं. रोग तीन आहेत आणि औषधं वेगळी.

पहिल्या खणात ते शब्द जे गोऱ्या इंग्रज साहेबाला पण सारखेच ऐकू येतात. बेअर-बेअर, ब्रेक-ब्रेक, फेअर-फेअर. इथे कितीही कान देऊन ऐका, काही उपयोग नाही, फरक ऐकू येतच नाही कारण तो नाहीच. इथे डोळा लागतो.

दुसऱ्या खणात ते शब्द जे साहेबाला वेगळे ऐकू येतात पण आपल्या जिभेवर येऊन एक होतात. नोटिशीतलं वेट वेस्ट यातलंच. इथे तोंड सुधारलं की स्पेलिंग बरंचसं आपोआप सुधारतं.

तिसऱ्या खणात आवाज पण वेगळा असतो, अर्थ पण वेगळा, पण दिसायला शब्द जुळ्या भावांसारखे. क्यू-यू-आय-ई-टी क्वाएट म्हणजे शांत, क्यू-यू-आय-टी-ई क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. ही निव्वळ घाई असते, दुसरं काही नाही. टाइप करून परत एकदा वाचलं की पकडली जाते. या खणावर मी जास्त वेळ घालवणार नाही.

पायरी तिसरी: दुसऱ्या खणासाठी तोंड उघडा

आरशासमोर उभे राहा, घरचे हसले तर हसू दे. वेस्ट म्हणा. आता हा एक आवाज इंग्रजीत चार शब्दांचा आहे. पश्चिम, डब्ल्यू-ई-एस-टी, यात ओठांचा चंबू करून सुरुवात आणि ए (इथे अक्षर नाही, मराठी मात्रेचा आवाज) अगदी तोकडा. कचरा किंवा वाया घालवणे, डब्ल्यू-ए-एस-टी-ई, परत ओठांचा चंबूच पण ए लांबवायचा आणि शेवटी इ कडे सरकवायचा, वेइस्ट. कंबर, डब्ल्यू-ए-आय-एस-टी, उच्चार कचऱ्याचाच, ही दोघं मुळात पहिल्या खणातली. आणि बनियन किंवा जाकीट, व्ही-ई-एस-टी, इथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. आपण चारही ठिकाणी एकच व वापरतो, म्हणून लिहितानाही चारही एकमेकांत मिसळतात. अंधेरी वेस्टचा पत्ता कचऱ्याच्या स्पेलिंगने लिहिलेला मी डोळ्यांनी बघितलाय. पार्सल पोचलं, डिलिव्हरीवाला मराठी असावा.

हा तोकडा ए आणि लांब ए जमला की एका झटक्यात बऱ्याच जोड्या सुटतात. टेस्ट म्हणजे परीक्षा तोकडा, टेस्ट म्हणजे चव लांब. पेन लिहायचं तोकडं, पेन म्हणजे दुखणं लांब. सेल म्हणजे विकणे तोकडा, सेल म्हणजे विक्री लांब, 'वुई सेल' म्हणताना तोकडा आणि 'दिवाळी सेल' म्हणताना लांब. लेट म्हणजे करू दे तोकडा, लेट म्हणजे उशीर लांब, आणि मुंबईत हा दुसरा दिवसातून किती वेळा बोलतो ते सांगायला नको. स्पेलिंगचा नियम पण जवळजवळ सरळ आहे, तोकड्याला बहुतेक वेळा एकटा ई असतो आणि लांबड्याला ए-आय किंवा शेवटी मुका ई.

दुसरी जोडगोळी ऱ्हस्व-दीर्घाची. आय अ‍ॅम लिव्हिंग इन मुलुंड म्हणजे मी मुलुंडला राहतो, आणि लीव्हिंग झालं की मी निघालोय. आमच्याकडच्या एका पोराने मुलाखतीत दुसरं लिहिलं होतं, समोरच्याने विचारलं, "मग आता कुठे चाललास?" राहणे एल-आय-व्ही-ई ऱ्हस्व, सोडणे एल-ई-ए-व्ही-ई दीर्घ. फिल-फील, सिट-सीट, हिट-हीट, शिप-शीप, सगळ्यांत दीर्घ असलं की दोन स्वर शेजारी येतात, ई-ई नाहीतर ई-ए. गंमत म्हणजे आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बोलताना खाऊन टाकतो आणि फक्त शुद्धलेखनात मार्क जातात म्हणून पाळतो, इंग्रजीत मात्र तो बोलावाच लागतो.

हॉल आणि होलचं पण बघा. ऑ आणि ओ आपल्याला व्यवस्थित येतात, त्यासाठी मराठीत चंद्र आहे, तरी एका ब्रोकरच्या मेसेजमधे 'होल अँड किचन' वाचलेलं आठवतंय, एच-ओ-एल-ई. भोक आणि किचन. भाड्याच्या मानाने वर्णन तसं खोटं नव्हतं.

पायरी चौथी: पहिल्या खणासाठी खुंटी ठोका

आता मुख्य काम. कान बाद, मग लक्षात ठेवायचं कसं? मला हे करी रोडने शिकवलं. मी लालबागचा, आयुष्यभर करी रोडला चढलोय. स्टेशनच्या पाटीवर सी-यू-आर-आर-ई-वाय. जेवणातली करी सी-यू-आर-आर-वाय, मधे ई नाही. आवाजात काडीचा फरक नाही, आणि तरी माझ्याकडून याची चूक कधीच झाली नाही, आणि कुणी मला ती शिकवली पण नव्हती. हार्बर लाइनवाल्यांना रे रोड स्टेशनचं माहीत असेल, आर-ई-ए-वाय, लॉर्ड रे म्हणून १८८५ ते १८९० मधे मुंबईचे गव्हर्नर होते त्यांचं नाव, आणि प्रकाशाचा किरण म्हणजे रे, आर-ए-वाय. सायनची पाटी एस-आय-ओ-एन, आणि सायन नावाचा एक इंग्रजी शब्द आहे, मोठ्या घराण्याचा वारस, तो एस-सी-आय-ओ-एन. हे सगळं डोळ्याने आपोआप लक्षात राहिलं कारण पाटी रोज समोर होती. तेव्हा युक्ती एवढीच, प्रत्येक शब्दाला रोज दिसणारी एक पाटी शोधून द्यायची. मी त्याला खुंटी म्हणतो.

आणि एक कडक नियम, जोडीतला एकच शब्द खुंटीला टांगा. दोन्ही एकदम पाठ करायला गेलात की परीक्षेच्या वेळी दोन्ही समोर येऊन उभे राहतात आणि यातला कुठला कुठला हेच आठवत नाही. एक पक्का करा, उरलेला तो दुसरा.

माझ्या खुंट्या देतो, तुम्हाला पटतील त्या घ्या.

ब्रेक. गाडीचा बी-आर-ए-के-ई आणि मोडण्याचा बी-आर-ई-ए-के. रेल्वेवाले गाडीला रेक म्हणतात ना, बारा डब्यांचा रेक, एसी रेक, त्याचं स्पेलिंग आर-ए-के-ई. रेकच्या पुढे बी लावा, रेकचा ब्रेक तयार. दुसरा मग राहिला मोडण्याचा, मधल्या सुट्टीचा, आणि ब्रेकफास्टचा, कारण रात्रभराचा उपास मोडतो. ही माझी सगळ्यात लाडकी खुंटी, ट्रेनमधे उभ्या उभ्या सुचली होती.

फेअर. भाडं एफ-ए-आर-ई, जत्रा एफ-ए-आय-आर. जत्रेच्या स्पेलिंगमधे ए-आय-आर म्हणजे हवा आहे. सप्टेंबरमधे बांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते ती उघड्यावर, मोकळ्या हवेत. गोरा आणि न्याय्य या अर्थांचा पण हाच. भाड्यात हवा नाही, गर्दीच्या वेळी रिक्षा मिळवून बघा, पटेल.

बर्थ. गणपतीला कोकणात जाताना जो मिळत नाही तो बी-ई-आर-टी-एच, आणि जन्म बी-आय-आर-टी-एच. जन्मात आय असते. गावाकडे आईला आय म्हणतात की नाही? संपलं.

देअर. टी-एच-ई-आय-आर म्हणजे त्यांचं, टी-एच-ई-आर-ई म्हणजे तिथे. पहिल्यातला टी काढा, उरतो एच-ई-आय-आर, एअर, म्हणजे वारस. पागडीची खोली वारसांच्या नावावर होते, म्हणजे मालकी आली, म्हणजे 'त्यांचं'. दुसऱ्यातला टी काढला की हिअर, इथे. इथे-तिथे एका घरातले. तिसरा एक देअर आहे वरच्या स्वल्पविरामाचा, त्याचं पुढच्या पायरीत.

स्टोरी. मजला एस-टी-ओ-आर-ई-वाय, गोष्ट एस-टी-ओ-आर-वाय. मजल्यातला जादाचा ई हा करी रोडचा ई आहे. तिथे चाळी जाऊन किती मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत बघा, म्हणजे विसरणार नाही. अमेरिकेत मात्र मजल्याला पण ई नसतो, त्यांच्याकडे बघून बिचकू नका.

प्रिन्सिपल. पी-ए-एल वाला कॉलेजचा मुख्य, आणि होम लोनच्या स्टेटमेंटवरची मुद्दल पण तोच. पी-एल-ई वाला म्हणजे तत्त्व, आणि फक्त तत्त्व. रूल म्हणजे नियम, त्याचं स्पेलिंग आर-यू-एल-ई, शेवटी एल-ई, तत्त्वाच्या शेवटी पण एल-ई. तत्त्व नसेल तिथे डोळे मिटून पी-ए-एल.

स्टेशनरी. वह्या-पेनं ई-आर-वाय, एका जागी उभी असलेली गाडी ए-आर-वाय. खुंटी अशी की पेपरच्या शेवटी ई-आर, म्हणून कागदवाल्याला पण ई-आर. यात एक मजा आहे, दोन्ही शब्द एकाच आजोबांची नातवंडं. पूर्वी बरेचसे विक्रेते फिरते असायचे, आणि ज्याचं दुकान एका जागी, स्टेशनवर म्हणजे ठाण मांडून असायचं तो स्टेशनर, तो पुस्तकं-कागद विकायचा, त्याचा माल ती स्टेशनरी. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरीच्या होलसेलची गर्दी बघितली तर मात्र तिथे गाडीच काय माणूस पण स्टेशनरी होतो.

कॉम्प्लिमेंट. आय वाला स्तुतीचा आणि फुकटचा, ई वाला पूरक, जोडीला शोभणारा. गणपती मंडळाच्या स्मरणिकेत पानंच्या पानं जाहिराती असतात, 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम', तिथे आय. एक स्मरणिका काढून बघा, तीच खुंटी. ई वाला कम्प्लीटचा भाऊ, पुरं करणारा. हॉटेलात ब्रेकफास्ट फुकट असेल तर तिथे पण आय पाहिजे.

चेक. बँकेचा सी-एच-ई-क्यू-यू-ई, तपासणे सी-एच-ई-सी-के. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधे पण क्यू वालाच आहे, बाउन्स झाला तर त्याच स्पेलिंगची नोटीस येते. अमेरिकन क्लायंट दोन्हीकडे सी-के लिहितो, त्याची ती पद्धत.

साइट तीन आहेत. बिल्डरची साइट आणि वेबसाइट एस-आय-टी-ई. नजर एस-आय-जी-एच-टी, लाइट आणि नाइटच्या कुटुंबातली, उजेड-अंधार-नजर एकत्र ठेवा. दाखला देणे सी-आय-टी-ई, हा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्यांनीच लक्षात ठेवावा, बाकीच्यांना सोडून दिला तरी चालेल.

अफेक्ट आणि इफेक्ट. हे खरं तर थोडे वेगळे ऐकू येतात पण घाईत नाही. औषधाच्या कागदावर साइड इफेक्ट असतो, ऑफिस ऑर्डरमधे 'विथ इफेक्ट फ्रॉम' असतं, दोन्हीकडे ई, दोन्हीकडे नाम. क्रियापद हवं असेल, पावसाचा गाड्यांवर परिणाम झाला असं म्हणायचं असेल, तर ए. इफेक्टचं क्रियापद पण असतं, घडवून आणणे या अर्थी, पण नवीन माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

ॲडव्हाइस. सी वाला सल्ला, एस वाला सल्ला देणे. इथे कान कामाला येतो, नामाला शेवटी स, क्रियापदाला झ. आणि ही जोडी पक्की झाली की प्रॅक्टिस आणि लायसन फुकटात मिळतात, कारण त्यांचा नियम तोच आहे फक्त आवाजात फरक नाही, सी नाम आणि एस क्रियापद. ड्रायव्हिंग लायसनवर सी छापलेलाच असतो, पाकिटातून काढून बघा. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्हीकडे सी आणि लायसन दोन्हीकडे एस, म्हणून कॉम्प्युटर कधी कधी आपल्या बरोबर स्पेलिंगखाली पण लाल रेघ मारतो. वर्डमधे भाषा इंग्लिश इंडिया करून ठेवा, डोक्याचा ताप कमी होतो.

लूज. सैल, सुटं ते एल-ओ-ओ-एस-ई, हरवणे-हरणे ते एल-ओ-एस-ई. खरं तर सैलच्या शेवटी स आणि हरवण्याच्या शेवटी झ, पण आपण दोन्ही सारखेच बोलतो. खुंटी थोडी घाण आहे पण आमच्या टीममधे एकही जण विसरला नाही. लूज मोशन. जास्त वेळा जावं लागतं म्हणून ओ पण जास्त.

पायरी पाचवी: वरचा स्वल्पविराम, म्हणजे उघडून बघा

इट्स, युअर, देअर, यांत ती वरची टिकली द्यायची की नाही यावर लोक वर्षानुवर्षं अडलेले असतात. ती टिकली म्हणजे दोन शब्द चेपून एक केल्याची खूण, सकाळच्या ट्रेनमधे चौथ्या सीटवर बसवतात तसं. तेव्हा शंका आली की उघडून मोठा शब्द वाचायचा. इट इज किंवा इट हॅज बसतंय? टिकली द्या. यू आर बसतंय? टिकली द्या. दे आर? द्या. बसत नसेल तर नाही. 'युअर वेलकम' हे ग्रुपवर हजारदा दिसतं, उघडून बघा, यू आर वेलकम, बसतंय की, मग टिकली आणि आर-ई पाहिजेच. घोळ इट्समधे होतो कारण 'रमेशचं' लिहिताना आपण टिकली देतो मग 'त्याचं' लिहिताना का नाही असं वाटतं. हिज, हर यांना कुठे टिकली असते? इट्स त्यांच्याच पंगतीतला.

पायरी सहावी: पाठवायच्या आधी

स्पेलचेकवर विसंबू नका, कारण बी-ए-आर-ई हा शब्द म्हणून बरोबरच आहे, त्याला बिचाऱ्याला काय माहीत तुम्हाला अस्वल हवं होतं. हल्लीचे प्रोग्रॅम निळी रेघ मारून बरंच पकडतात, सगळं नाही. बोलून टाइप करायची सवय असेल तर आणखी जपा, फोनला पण आवाजच ऐकू येतो. मी अजूनही महत्त्वाचा मेल असेल तर कंट्रोल-एफ दाबून माझ्या वहीतले ते आठ-दहा शब्द एकेक करून शोधतो, दीड मिनिट जातं. पोरं हसतात, जाऊ दे, केबिनमधे मी उभा राहिलो होतो ते नाही.

पायरी सातवी: कुणाला तरी डिक्टेशन द्यायला लावा

नुसतं वाचून हे पक्कं होत नाही. दोघंजण बसा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने इंग्रजीत लिहायचं. मी मुलीबरोबर करतो. तिच्या शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे, आमच्या वेळी पाचवीपासून होतं, २००० मधे राज्यात बदललं ते, त्यामुळे ती जिंकते बहुतेक वेळा. ही चार वाक्यं घ्या:

देअर फेअर वॉज नॉट फेअर.

द ब्रेक डिड नॉट ब्रेक, बट द ट्रेन वॉज स्टेशनरी.

द प्रिन्सिपल ॲडव्हाइझ्ड अस ऑन अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल.

वेट इन द वेस्ट विंग विथ द वेट वेस्ट.

लिहून झालं? आता तपासा. पहिल्यात देअर वारसाचा, पहिला फेअर ए-आर-ई, दुसरा हवेचा. दुसऱ्यात आधी रेकवाला, मग ब्रेकफास्टवाला, आणि स्टेशनरी ए-आर-वाय, वह्या-पेनांची नाही. तिसऱ्यात आधी पी-ए-एल, ॲडव्हाइझ्डला एस, शेवटी पी-एल-ई. चौथ्यात थांबणे डब्ल्यू-ए-आय-टी, पश्चिम डब्ल्यू-ई-एस-टी, ओला डब्ल्यू-ई-टी, कचरा डब्ल्यू-ए-एस-टी-ई.

ते चौथं वाक्य सेक्रेटरींसाठी बनवलं होतं पण दाखवायची वेळ आली नाही, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात इंग्रजी नोटीस काढून मराठी लावली. ओला कचरा बरोबर आहे. खाली 'सूका कचरा' लिहिलंय, सू दीर्घ. मी काही बोललो नाही.